सडपातळ तरुणांचंही कोलेस्टेरॉल का वाढतं? दुधाचा दोष किती, जनुकांचा किती?

कोलेस्टेरॉल वाढल्याचा रिपोर्ट घरात आला की पहिलं बोट जातं तुपाच्या बरणीकडे आणि दुसरं दुधाच्या पातेल्याकडे. साय बंद, तूप बंद, अंड्याचा पिवळा बलक बंद. रिपोर्ट पन्नाशीतल्या बाबांचा असेल तर ही धरपकड काही अंशी बरोबरही असते. पण समजा, रिपोर्ट १९ वर्षांच्या मुलीचा आहे. ती अंगाने बारीक आहे, सिगारेट ओढत नाही, रोज दोन लोकल बदलून कॉलेजला जाते आणि तरीही एलडीएलच्या रकान्यात २१० छापून आलंय. आता दोष कुणाला द्यायचा?

बहुतेक घरांत दोनच उत्तरं मिळतात. एक, 'लॅबवाल्यांनी काहीतरी घोळ घातला असेल'. दुसरं, 'बाहेरचं खाणं बंद कर आधी'. तिसरी शक्यता फारशी कुणाच्या तोंडी येत नाही. ती अशी की हा आकडा तिने कमावलेलाच नाही, तो तिला आई किंवा बाबांकडून मिळालाय, नाक-डोळ्यांसारखा.

दूध-तुपाचा वाटा किती आणि वारशाचा किती, हे समजून घ्यायला मुंबईत आरे कॉलनीइतकी सोयीची जागा नाही. कारण या शहराच्या दुधात किती फॅट असावी, याचं गणित एकेकाळी तिथेच मांडलं गेलं.

आरेत दुधातली फॅट कमी झाली, पण हृदयासाठी नव्हे

गोरेगाव पूर्वेला आरे मिल्क कॉलनी वसली ती १९४९ मध्ये. शहरात जागोजागी असलेले म्हशींचे गोठे बाहेर हलवायचे आणि मुंबईला स्वच्छ, भेसळ नसलेलं दूध द्यायचं, हा त्यामागचा विचार. १९५१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. या योजनेचे कर्तेधर्ते होते दारा खुरोडी. पुढे १९६३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या जोडीने. कुरियन सगळ्यांना आठवतात, खुरोडी मात्र मुंबईकरही विसरलेत.

आज पिशवीवर दिसणारं 'टोन्ड' हे नाव खुरोडींच्याच खात्यावर जमा आहे. म्हशीच्या दुधात फॅट साधारण ६ ते ७ टक्के असते. त्यात पाणी आणि स्किम्ड मिल्क पावडर ठरावीक प्रमाणात मिसळली की फॅट निम्म्यावर येते, प्रथिनं फारशी कमी होत नाहीत आणि दुधाचं प्रमाण वाढतं. म्हणजे त्याच म्हशींच्या दुधात जास्त घरं भागवता येतात, तीही कमी दरात. स्वातंत्र्याच्या आसपासच्या टंचाईच्या काळातली ही युक्ती होती. कोलेस्टेरॉलचा त्यात विचारही नव्हता.

आजच्या सरकारी मानकांनुसार फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट लागते, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का. २०० मिलीचा पेला धरला तर फुल क्रीममधून सुमारे १२ ग्रॅम फॅट पोटात जाते आणि टोन्डमधून ६ ग्रॅम. दुधातल्या फॅटपैकी साधारण दोन तृतीयांश संतृप्त प्रकारची असते आणि एलडीएल वाढवण्यात तिचाच हात मोठा. त्यामुळे रोज दोन पेले फुल क्रीम पिणाऱ्याने टोन्डवर येणं शहाणपणाचंच आहे.

पण किती फरक पडेल? सगळा आहार नीट सुधारला, संतृप्त फॅट कमी केली, डाळी, भाज्या आणि तंतुमय पदार्थ वाढवले, तरी बहुतेकांचं एलडीएल १० ते १५ टक्क्यांच्या आसपास उतरतं. काहींचं थोडं जास्त, काहींचं जेमतेम. त्या १९ वर्षांच्या मुलीचे २१० अशाने १८० वर येतील. घरचे खूश होतील, पण तिच्या धमन्यांसाठी १८० हा काही आनंदाचा आकडा नाही.

अर्ध्याच गाड्या कामावर

शरीराला कोलेस्टेरॉल लागतंच. पेशींची आवरणं, काही हार्मोन्स, पित्तरस या सगळ्यांत ते वापरलं जातं आणि गरजेपैकी बरंचसं शरीर स्वतःच तयार करतं. रक्तातून त्याची ने-आण करणाऱ्या कणांपैकी एक म्हणजे एलडीएल. काम झालं की हे कण रक्तातून उचलायची जबाबदारी मुख्यतः यकृताची, म्हणजे लिव्हरची. त्यासाठी यकृताच्या पेशींवर ग्राहक रेणू असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात.

हे रिसेप्टर महापालिकेच्या कचरा उचलणाऱ्या गाड्यांसारखे समजा. वॉर्डात रोज दहा गाड्या फिरत असतील तर कचराकुंड्या भरून वाहत नाहीत. त्यातल्या पाच गाड्या जन्मापासूनच गॅरेजमध्ये असतील, तर लोकांनी कितीही कमी कचरा केला तरी नाक्यावर ढीग साचणारच.

अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या दोन डॉक्टरांनी ही यंत्रणा १९७० च्या दशकात उलगडली. अगदी लहान वयात हृदयविकार होणाऱ्या मुलांच्या त्वचेच्या पेशी त्यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या. निरोगी माणसाच्या पेशी एलडीएल पकडून आत ओढत होत्या, या मुलांच्या पेशींना ते जमत नव्हतं. या शोधाला १९८५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या आजाराचं नाव जरा जडच आहे, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरॉलेमिया. थोडक्यात एफएच. 'घराण्यातून आलेलं जास्तीचं कोलेस्टेरॉल' एवढाच त्याचा अर्थ. मुख्यतः तीन जनुकांपैकी एकातल्या बिघाडाने तो होतो. सर्वांत जास्त वेळा दोष असतो तो रिसेप्टर बनवणाऱ्या एलडीएलआर जनुकात. दुसरं जनुक एपीओबी. ते बिघडलं तर एलडीएलचा कण रिसेप्टरला नीट चिकटतच नाही. तिसरं पीसीएसके९. हे जनुक रिसेप्टर मोडीत काढणारं प्रथिन बनवतं आणि ते गरजेपेक्षा जास्त जोमाने काम करू लागलं की चांगल्या गाड्याही भंगारात जातात.

या तिसऱ्या जनुकाची गोष्ट मजेशीर आहे. ते बिघडून एलडीएल वाढतं, हे पॅरिसच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं. पण काही लोकांत तेच जनुक उलट्या बाजूने बिघडलेलं असतं, म्हणजे ढिलं पडलेलं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या एका अभ्यासात असं दिसलं की अशा लोकांचं एलडीएल जन्मापासून सरासरी २८ टक्के कमी होतं आणि त्यांना हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी होता. २८ टक्क्यांच्या फरकाने ८८ टक्के फायदा! कारण हा फरक वर्षा-दोन वर्षांचा नव्हता, आयुष्यभराचा होता. एफएचमध्ये हेच उलट्या दिशेने घडतं. पाळण्यात असल्यापासून धमन्या जास्त एलडीएलमध्ये भिजत राहतात. चाळिशीतल्या एखाद्याचं कोलेस्टेरॉल नुकतंच वाढलेलं असेल आणि एफएच असलेल्या तरुणाच्या रिपोर्टवरही तोच आकडा असेल, तरी दोघांचा धोका सारखा नसतो.

किती जणांना असतं?

जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर साधारण ३०० माणसांमागे एकाला एफएच असतो. या हिशेबाने मुंबईच्या सव्वा कोटी वस्तीत ४० हजारांच्या घरात माणसं निघतील. हा नुसता गुणाकार-भागाकार आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. तशी मोजणी भारतात झालेलीच नाही.

तरी आपल्याकडे तो आहे, याचे पुरावे आहेत. माहीमच्या पी. डी. हिंदुजा रुग्णालयातल्या संशोधकांनी २००० साली भारतीय रुग्णांच्या एलडीएल रिसेप्टरच्या जनुकातले असे दोन बदल शोधून प्रसिद्ध केले. दिल्लीतल्या एका मोठ्या रुग्णालयात कमी वयात हृदयविकार झालेले ६३५ रुग्ण तपासले गेले. २०१९ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात शंभरातल्या साधारण १५ जणांना एफएच असल्याची खात्री किंवा दाट शक्यता दिसली. म्हणजे अटॅक येऊन आयसीयूत पोहोचेपर्यंत यातल्या अनेकांच्या घराण्यात हे चालत आलंय, हे कुणी पडताळलंच नव्हतं.

हा आजार लपतो याचं मुख्य कारण म्हणजे तो दुखत नाही. मुलांमध्ये तर बाहेरून काहीच दिसत नाही. मोठेपणी काहींच्या टाचेमागची शीर जाड होते, बोटांच्या पेरांवर गाठी येतात, पापण्यांजवळ पिवळसर चट्टे उमटतात, बुबुळाभोवती पांढरट कडी दिसते. साठीनंतर अशी कडी अनेकांना येते, त्यात विशेष काही नाही. पण तिशीत दिसली तर रक्त तपासून घ्यावं.

'आमच्याकडे हार्टचं आहे'

अनेक मराठी घरांत एक वाक्य सहज बोललं जातं, 'आमच्याकडे हार्टचं आहे'. मग पाठोपाठ यादी येते. थोरले काका बेचाळिसाव्या वर्षी गेले, कामाचं टेन्शन होतं. आत्याला पन्नाशीच्या आत स्टेंट टाकला, तिने मनाला लावून घेतलं होतं. आजोबा शेतातून आले आणि बसल्या जागी कोसळले, उन्हाचा त्रास झाला असेल. प्रत्येक मृत्यूला स्वतंत्र कारण चिकटवलं जातं आणि सगळ्यांना जोडणारा धागा तसाच राहून जातो.

एफएचमध्ये हा धागा सरळ असतो. आई-वडिलांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. भाऊ-बहिणींचंही तसंच. उपचार न घेतल्यास पुरुषांना पन्नाशीच्या आणि स्त्रियांना साठीच्या आत हृदयविकार गाठण्याचा धोका मोठा असतो. त्यातून आपल्याकडे वयाचं गणित आधीच बिघडलेलं आहे. 'इंटरहार्ट' या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत तेच वय जवळपास ५९ आहे.

कागदावर काढून बघायला हरकत नाही. आजी-आजोबांपर्यंतचा वंशवृक्ष काढायचा आणि कुणाला कितव्या वर्षी हार्टचा त्रास झाला ते पुढे लिहायचं. पुरुषांत ५५ च्या आतलं आणि बायकांत ६५ च्या आतलं वय डॉक्टर 'लवकर' धरतात. असं एखादं नाव सापडलं तर तो कागद डॉक्टरांना दाखवावा. फक्त वडिलांची बाजू लिहून थांबू नका. घराण्याचा इतिहास म्हटलं की आपल्याकडे आडनावाचाच विचार होतो आणि आजोळ कागदावर येतच नाही. जनुकं आडनाव बघत नाहीत.

दोन्हीकडून आलं तर

महाराष्ट्रात बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. मामे-आते भावंडांचं रक्त काही अंशी एकच असतं, त्यामुळे एकच बिघडलेलं जनुक नवरा-बायको दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. तसं असेल तर प्रत्येक अपत्याबाबत चारातली एक शक्यता अशी की दोन्ही प्रती बिघडलेल्या येतील. हा एफएचचा अतिशय तीव्र प्रकार. तो दुर्मिळ आहे, काही लाखांत एखादाच. पण जिथे होतो तिथे बाळपणीच होतो.

या मुलांचं एकूण कोलेस्टेरॉल ५०० च्या पुढे, कधी हजारापर्यंतही जातं. गुडघे, कोपरं, कुल्ले, बोटांच्या बेचक्या इथे पिवळसर गाठी येतात. त्यामुळे पालक मुलाला आधी नेतात ते त्वचेच्या डॉक्टरकडे. काही वेळा गाठी काढूनही टाकल्या जातात आणि रक्ताची तपासणी राहून जाते. लहान मुलाच्या अंगावर अशा गाठी दिसल्या तर लिपिड प्रोफाइल व्हायलाच हवं. उपचार न झाल्यास विशीच्या आत हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

भावंडांमधल्या लग्नांचा हा धागा जगाला नीट कळला तो लेबनॉनमधून. बैरूतच्या अवेदिस खाचादुरियन या डॉक्टरने १९६४ मध्ये तिथल्या कुटुंबांचा अभ्यास छापला. नात्यात लग्नं होणाऱ्या त्या घरांत माणसांचे सरळ तीन गट पडत होते. कोलेस्टेरॉल नेहमीचं असलेले, साधारण दुप्पट असलेले आणि चौपटीच्या आसपास असलेले. एक प्रत बिघडली की दुप्पट, दोन्ही बिघडल्या की चौपट.

आणि खोट यकृतात आहे, हे सिद्ध झालं एका लहान मुलीमुळे. टेक्सासची स्टॉर्मी जोन्स सहा वर्षांची होती, कोलेस्टेरॉल हजाराच्या आसपास, हृदय निकामी होत आलेलं. फेब्रुवारी १९८४ मध्ये पिट्सबर्गला एकाच शस्त्रक्रियेत तिचं हृदय आणि यकृत दोन्ही बदलण्यात आलं. नव्या यकृतावर रिसेप्टर धडधाकट होते, त्यामुळे काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल ३०० च्या आसपास आलं. १९९० मध्ये, तेराव्या वर्षी ती गेली. मधली सहा वर्षं तिला त्या यकृताने दिली होती.

पण प्रत्येक वाढलेला आकडा म्हणजे एफएच नव्हे

हे सांगणं गरजेचं आहे, नाहीतर प्रत्येक जण रिपोर्ट घेऊन वंशवृक्ष काढत बसेल. ज्यांचं एलडीएल १३० ते १८० च्या मधे आहे, अशा बहुतेकांत एकच मोठा दोष नसतो. असंख्य जनुकांतले बारीकसारीक फरक असतात, प्रत्येकाचा परिणाम चिमूटभर. ते एकत्र येतात, त्यात खाणं, वजन आणि बैठी सवय भर घालते. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांवरून एलडीएलमधल्या माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण निम्मा भाग वारशाने ठरतो, असं मानलं जातं. उरलेला निम्मा आपल्या हातात.

लहान मुलांत आणखी काही कारणं आधी तपासावी लागतात. थायरॉइड मंदावलं असेल, मूत्रपिंडाचा नेफ्रोटिक सिंड्रोम असेल, मधुमेह असेल किंवा स्टेरॉइडसारखं औषध सुरू असेल तरी कोलेस्टेरॉल वाढतं. मूळ आजार सावरला की तेही खाली येतं.

ट्रायग्लिसराइडची गोष्ट निराळी आहे. भारतीय मुलांचा खरा मोठा प्रश्न कदाचित तोच असावा. केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या सुमारे ४ टक्के मुलामुलींचं एलडीएल वाढलेलं होतं, पण १६ टक्क्यांचं ट्रायग्लिसराइड जास्त होतं आणि चारातल्या एकाहून अधिकांचं 'चांगलं' म्हटलं जाणारं एचडीएल कमी होतं. इथे साखर, मैदा, कोल्ड्रिंक आणि बैठेपणा यांचा वाटा मोठा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बाळांवर केलेलं काम यासाठी जगात ओळखलं जातं. ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत वजनाला बरीच कमी होती, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून मेदाळ. त्यात आईच्या पोषणाचाही भाग आहे, म्हणजे जन्मासोबत मिळालेलं सगळंच जनुकांतून येतं असं नाही.

आणि एक राहिलंच, लायपोप्रोटीन-ए. लॅबच्या कागदावर हे 'एलपी(ए)' असं दिसतं. हा एलडीएलचाच भाऊबंद, पण जास्त उपद्रवी. त्याची पातळी जवळपास पूर्णपणे जनुकं ठरवतात, लहानपणीच ती पक्की होते आणि पथ्य किंवा व्यायामाने फारशी हलत नाही. दक्षिण आशियाई लोकांत चारातल्या एकाची पातळी धोक्याच्या रेषेवर, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या पुढे असते. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती मोजलीच जात नाही.

कोणत्या वयात तपासायचं?

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा भारतीयांसाठी लिपिडबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार पहिली तपासणी १८ व्या वर्षी करावी आणि घराण्यात लवकर आलेला हृदयविकार किंवा एफएच असेल तर त्याआधीच. उपाशीपोटी जायची सक्तीही त्यांनी काढली आहे. ट्रायग्लिसराइड फारच जास्त निघालं तर मात्र पुन्हा उपाशीपोटी रक्त द्यावं लागतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सर्वच मुलांची ९ ते ११ आणि पुन्हा १७ ते २१ या वयात तपासणी सुचवतात. मधली वर्षं गाळलीत, कारण वयात येताना एलडीएल तात्पुरतं उतरतं आणि रिपोर्ट खोटा दिलासा देऊ शकतो.

मुलांचे आकडे मोठ्यांच्या रेषेने वाचू नयेत, ही चूक सर्रास होते. १९ वर्षांपर्यंत एलडीएल ११० च्या आत असेल तर ठीक, १३० च्या पुढे जास्त. घरात इतिहास असताना मुलाचं १६० च्या पुढे निघालं किंवा इतिहास नसतानाही १९० च्या पुढे गेलं, तर एफएचचा विचार करायचाच. अर्थात एका रिपोर्टवर नाही, काही आठवड्यांनी दुसरा करून.

एकाला एफएच निघाला की खरं काम सुरू होतं. आई, बाबा, भावंडं, मग काका, मावशी, त्यांची मुलं, अशी साखळी धरून तपासत जायचं. नेदरलँड्सने १९९४ पासून वीस वर्षं ही साखळी सरकारी खर्चाने चालवली. स्लोव्हेनियाने तर १९९५ पासून शाळेत जाण्याआधी, पाचव्या वर्षीच प्रत्येक मुलाचं कोलेस्टेरॉल बघायला सुरुवात केली.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत तपासणी होते. जन्मजात व्यंगं, रक्तक्षय, दातांचे आजार, वाढीतला उशीर अशा ३० प्रकारच्या तक्रारी त्यात पाहतात. कोलेस्टेरॉल त्या यादीत नाही. त्यामुळे आरेतल्या पाड्यावरच्या अंगणवाडीतलं मूल असो की मुलुंडच्या शाळेतलं, त्याचा आकडा कळायची वाट एकच उरते, घरच्यांनी विचारणं.

लहान वयात गोळ्या? आयुष्यभर?

पालकांचा जीव इथे अडतो आणि ते स्वाभाविक आहे. त्यात फोनवर येणारे 'स्टॅटिनने लिव्हर सडतं', 'लसणाच्या दोन पाकळ्यांनी ब्लॉकेज साफ' असले फॉरवर्ड. लसूण खायला हरकत नाही, भाजी चविष्ट होते. पण गॅरेजमधल्या गाड्या लसणाने सुरू होत नाहीत.

स्टॅटिनचा इतिहासच एका तरुण मुलीपासून सुरू होतो. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं. १९७८ मध्ये ओसाकात ते पहिल्यांदा दिलं गेलं ते तीव्र एफएच असलेल्या १८ वर्षांच्या मुलीला. तिच्या स्नायूंना अशक्तपणा आला, डोस कमी करावा लागला, पण औषध माणसात चालतं हे तिथेच दिसलं. स्नायू दुखणं हा दुष्परिणाम आजही काहींना होतो, म्हणून रक्ताच्या तपासण्या करत औषध चालू ठेवतात.

एफएच असलेल्या मुलांना साधारण ८ ते १० वर्षांपासून स्टॅटिन द्यायची शिफारस आहे. एवढ्या लवकर का, याचं सर्वांत ठोस उत्तर डच संशोधकांनी २०१९ मध्ये दिलं. लहानपणी स्टॅटिन सुरू केलेल्या २१४ मुलांचा त्यांनी २० वर्षं मागोवा घेतला. या मुलांच्या एफएच असलेल्या आई-वडिलांना लहानपणी हे औषध मिळालं नव्हतं. ३९ व्या वर्षापर्यंत त्या आई-वडिलांपैकी २६ टक्क्यांना हृदयविकाराचा फटका बसला होता आणि ७ टक्के दगावले होते. त्याच वयापर्यंत मुलांमध्ये हे प्रमाण १ टक्का होतं आणि हृदयविकाराने मृत्यू एकही नाही. जनुक तेच, घर तेच, फरक औषध सुरू करण्याच्या वयाचा.

मुलींनी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. गरोदर राहण्याचा विचार असेल तर स्टॅटिनबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावं लागतं, कारण त्या काळात ते सहसा थांबवतात. स्टॅटिन पुरलं नाही तर इझेटिमाइब जोडतात आणि त्यानेही भागलं नाही तर पीसीएसके९ ला आवर घालणारी इंजेक्शनं आहेत. ती महाग आहेत, स्टॅटिनच्या गोळ्या मात्र जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात. बहुतेकांचं काम गोळ्यांवर भागतं.

जनुकांची चाचणी केलीच पाहिजे असं नाही. एलडीएलचे दोन रिपोर्ट, वंशवृक्षाचा कागद आणि डॉक्टरांची तपासणी एवढ्यावर उपचार सुरू होऊ शकतात. जनुकातला नेमका बदल कळला तर बाकीच्या नातेवाईकांची तपासणी सोपी आणि नेमकी होते, एवढा तिचा मोठा फायदा. लॅबमध्ये रक्त द्यायला जाल तेव्हा 'लिपिड प्रोफाइल' सांगितलं की एलडीएल कळेल. लायपोप्रोटीन-ए मात्र चिठ्ठीवर वेगळं लिहून न्यावं लागतं आणि ते आयुष्यात एकदाच तपासलं तरी बहुतेकांना पुरतं.